किरकोळ गुन्हा सोडायचा, तर तो सोडायचा कुणी?

पुण्यात लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका वाचक मुलीने विचारलंय: "अमेरिकेतले काही सरकारी वकील दुकानातल्या छोट्या चोऱ्या, दुसऱ्याच्या जागेत शिरणं, थोडं ड्रग बाळगणं असल्या गुन्ह्यांचे खटले चालवणारच नाही असं जाहीर करतात आणि त्याला सुधारणा म्हणतात. विधिमंडळाने केलेला कायदा असा गुंडाळून ठेवायचा अधिकार त्यांना कुणी दिला? सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानं लुटतानाचे व्हिडिओ बघून तर वाटतं की गुन्हे वाढणारच. आणि आपल्याकडच्या सरकारी वकिलाला हे करता येईल का?"

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझ्या म्हणण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. नऊ वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या कोर्टात एपीपी होतो, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता. नंतर बायकोच्या नोकरीमुळे मॅसॅच्युसेट्समध्ये आलो, चाळिशीत पुन्हा वह्या-पुस्तकं घेऊन बसलो, इथल्या बारची परीक्षा दिली. तेव्हापासून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी राज्य जे खासगी वकील नेमतं, त्यातला मी एक. इथे आम्हाला 'बार अ‍ॅडव्होकेट' म्हणतात. म्हणजे मी तटस्थ नाही. पण दोन्ही खुर्च्यांवर बसलेलो आहे.

अधिकाराचं पहिल्यांदा. तो नव्याने कुणी दिलेला नाही, मुळातच आहे. इथला डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी हा मुख्य सरकारी वकील लोकांनी निवडून दिलेला असतो; मॅसॅच्युसेट्समध्ये असे ११ आहेत आणि दर चार वर्षांनी मतं मागायला लोकांसमोर जातात. कुठला गुन्हा कोर्टात न्यायचा आणि कुठला नाही, हे ठरवणं हाच त्यांच्या कामाचा गाभा मानतात. रॉबर्ट जॅक्सन पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ते देशाचे अ‍ॅटर्नी जनरल असताना १९४० मध्ये त्यांनी सरकारी वकिलांपुढे भाषण केलं होतं. माणसाचं आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यांच्यावर अमेरिकेत सर्वांत जास्त ताबा कुणाचा असेल तर सरकारी वकिलाचा, असं त्यांनी तिथे सांगितलं. ते कौतुक नव्हतं, इशारा होता. सगळे गुन्हे कोर्टात नेणं अशक्य, म्हणून निवड आली. आणि निवड आली की माणूस आधी निवडून गुन्हा मग शोधण्याचा मोह आला.

हा अधिकार किती पक्का आहे ते २०१९ च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनमध्ये दिसलं. ३१ ऑगस्टला एक वादग्रस्त मोर्चा निघाला, त्याच्या विरोधात निदर्शनं झाली, ३६ जणांना अटक झाली. बहुतेकांवर शांतताभंगासारखे आरोप. सरकारी वकिलांनी कोर्टात सांगितलं, यातली काही प्रकरणं आम्ही पुढे नेत नाही. न्यायाधीशांनी नकार दिला, खटले चालवायलाच लावले. एक बचाव वकील बाई न्यायाधीशांना यावरचे निवाडे वाचून दाखवत होत्या, तर त्यांना बेड्या घालून आत बसवलं! डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी रेचल रॉलिन्स थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आठवडाभरात न्यायमूर्ती फ्रँक गॅझियानो यांचा निकाल आला: खटला सोडून देण्याचा अधिकार कार्यकारी शाखेचा आहे, राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने न्यायाधीशाला त्यात हात घालता येत नाही. विषय संपला.

माझ्यातल्या जुन्या एपीपीला हे वाचताना घाम फुटला. आपल्याकडे दंडप्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०, नेमकं उलटं सांगतं. अभियोक्त्याला खटला मागे घ्यायचा असेल तर कोर्टाची संमती लागते. त्याकडे नंतर येतो.

आता ती यादी. रॉलिन्स २०१८ ची निवडणूक लढल्या तीच एक यादी छापून: १५ प्रकारचे आरोप, जे त्यांचं ऑफिस एरवी पुढे नेणार नाही. जागेत अनधिकृत शिरणं, दुकानातली उचलेगिरी, २५० डॉलरच्या आतली चोरी, गोंगाट-गोंधळ, लायसन्स निलंबित असताना गाडी चालवण्यासारखे वाहतुकीचे किरकोळ आरोप, रिकाम्या इमारतीत झोपायला किंवा थंडीपासून आसऱ्याला शिरणं, ड्रग बाळगणं, आणि हो, विकण्याच्या हेतूने ड्रग बाळगणंसुद्धा. मार्च २०१९ मध्ये त्याचं सविस्तर धोरणपत्र निघालं. बातम्यांमध्ये एक बारकावा हरवला, तो महत्त्वाचा आहे. ही बंदी नव्हती, गृहीतक होतं. सहायक वकिलाला यादीतला आरोप पुढे न्यायचाच असेल तर वरिष्ठांची परवानगी घेऊन नेता येत होता. आणि खटला सोडायचा तो अरेनमेंटच्या आधी.

'अरेनमेंटच्या आधी' या शब्दांसाठी मी अख्खं उत्तर लिहायला तयार आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अरेनमेंट म्हणजे आरोपीला पहिल्यांदा कोर्टापुढे उभं करून आरोप सांगणं. दोन-तीन मिनिटांचं काम. पण या राज्यात माणसाच्या नावावर गुन्हेगारी नोंद चढते ती त्याच क्षणी, शिक्षा झाल्यावर नाही. त्या नोंदीला सगळे आद्याक्षरांवरून 'कोरी' म्हणतात. मराठी माणसाला पहिल्यांदा ऐकून हसू येतं, कारण ती एकदा उघडली की कोरी राहत नाही. पुढे खटला सुटला, आरोप सिद्ध झाला नाही, तरी ओळ राहते. ती लोकांच्या नजरेआड करायला वेगळा अर्ज, वेगळी फेरी. शाळेच्या बसच्या नोकरीसारख्या ठिकाणी ती ओळ निघते.

माझा एक अशील होता, वय १९, फार्मसीतून बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे उचलताना सापडला. या राज्यात थोड्या किमतीच्या मालाच्या पहिल्या उचलेगिरीला कायद्यातच शिक्षा आहे ती जास्तीत जास्त अडीचशे डॉलर दंड. तुरुंग नाहीच. पण २०१४ साली त्याची अरेनमेंट झाली, तीन तारखा झाल्या, तिसऱ्या तारखेला गोदामातली नोकरी गेली कारण शिफ्ट चुकली. शेवटी खटला काढून टाकला गेला. कायद्याने सांगितलेल्या शिक्षेपेक्षा खटल्याची शिक्षा मोठी. रॉलिन्स यांच्या काळात असाच मुलगा आला असता तर सहायक वकिलाने फाइल बघून अरेनमेंटच्या आधीच सोडली असती आणि तो दहाच्या शिफ्टला पोचला असता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गुन्हे वाढतात का. यावर मला माहीत असलेलं सर्वांत कसून केलेलं काम बॉस्टनच्याच, म्हणजे सफोक काउंटीच्या, आकड्यांवर आहे. अमांडा अ‍ॅगन, जेनिफर डोलिअ‍ॅक आणि अ‍ॅना हार्वी या तिघींचं, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं. त्यांची युक्ती सुंदर आहे. सोडलेल्या आणि न सोडलेल्या आरोपींची सरळ तुलना करता येत नाही, कारण सोडलेले मुळातच सौम्य असणार. म्हणून त्यांनी पाहिलं की अरेनमेंटच्या कोर्टात त्या दिवशी ड्युटीवर कुठला सहायक वकील होता. काही मऊ, काही कडक. आणि कुणाच्या वाट्याला कोण येईल हा जवळजवळ नशिबाचा भाग. म्हणजे जे आरोपी कुंपणावरचे होते, एकाने सोडले असते आणि दुसऱ्याने धरले असते, त्यांचं पुढे काय झालं ते ताडून बघता येतं. निष्कर्ष असा: बिनहिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात ज्यांचा खटला चालवला नाही, त्यांच्यावर पुढच्या दोन वर्षांत नवा गुन्हा दाखल होण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी घटली. सर्वांत मोठा फरक कुणात? ज्यांच्या नावावर आधी काहीच नव्हतं त्यांच्यात. म्हणजे पुन्हा ती 'कोरी'च. यादी लागू झाल्यानंतरच्या काळातही परिणाम त्याच दिशेने दिसला.

हा अभ्यास आमची बाजू झेंड्यासारखा नाचवते, म्हणून सावध करतो. 'कुंपणावरचे' हा शब्द विसरू नका. चौदाव्यांदा त्याच दुकानात शिरणाऱ्या माणसाबद्दल तो काही सांगत नाही, कारण त्याला कुठलाच सहायक वकील सहज सोडत नव्हता. त्या दुकानदाराचं काय, हेही तो सांगत नाही. आणि इथे माझं माझ्याच गटाशी पटत नाही. नोटांचं बंडल आणि वीस पुड्यांसह सापडलेल्या माणसाला 'किरकोळ'च्या यादीत घालणं मला तेव्हाही चूक वाटलं, आजही वाटतं. शिवाय खटला सोडताना फिर्यादीच्या हातात काय दिलं? बॉस्टनला लागून असलेल्या चेल्सीत एका ओळखीच्या गुजराती कुटुंबाचं कोपऱ्यावरचं दुकान आहे. तिथले काका मला म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या पोराला नोकरी राहिली, चांगलं झालं. माझी काच कोण भरून देणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धोरणपत्रात नुकसानभरपाईची, समाजसेवेची भाषा होती. पण ज्या प्रकरणात कोर्टच नाही, तिथे भरपाई वसूल करायला बसलेलं माणूसही नसतं. सुधारणा कच्ची राहिली ती इथे.

सॅन फ्रान्सिस्कोचे व्हिडिओ वेगळ्या कहाणीतले आहेत. "साडेनऊशे डॉलरपर्यंत चोरी माफ" हे वाक्य तुमच्यापर्यंतही आलंच असेल. ती मर्यादा कुठल्या सरकारी वकिलाने घातलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ती २०१० मध्ये घातली आणि २०१४ मध्ये मतदारांनी जनमताने, प्रपोझिशन ४७ ने, आणखी गुन्ह्यांना लावली. आणि ती माफीची रेषा नाही. तिच्या खाली चोरी हा मिसडिमिनर, म्हणजे कमी प्रतीचा गुन्हा, तिच्यावर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. टेक्सासला कुणी गुन्हेगारांचा पाठीराखा म्हणणार नाही, तिथे हीच रेषा अडीच हजार डॉलरवर आहे! पण लोकांच्या मनात हे सगळं एकत्र कालवलं गेलं. डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी चेसा बूडीन यांना जून २०२२ मध्ये मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं, लॉस एंजेलिसचे जॉर्ज गॅस्कोन २०२४ मध्ये हरले, आणि त्याच निवडणुकीत प्रपोझिशन ३६ ने वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी कायदा पुन्हा कडक केला. बॉस्टनची गोष्ट इतकी नाट्यमय झाली नाही. रॉलिन्स २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंद्र सरकारच्या मुख्य वकील झाल्या, तिथे आचारसंहितेच्या चौकशीनंतर मे २०२३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या राजीनाम्याचा यादीशी संबंध नव्हता, पण यादीच्या विरोधकांनी तो जोडायचा तो जोडलाच. त्यांच्या जागी आलेले केव्हिन हेडन यांनी यादी बाजूला ठेवली. आता प्रत्येक प्रकरण बघून ठरतं.

'प्रत्येक प्रकरण बघून' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मला त्याचीच भीती वाटते. कारण यादी यायच्या आधी इथे तेच चालू होतं आणि तेव्हाही किरकोळ गुन्हे सुटतच होते. फक्त कुणाचे ते बघा. या राज्यात अटक न झालेल्या किरकोळ गुन्ह्यात आधी क्लार्क-मॅजिस्ट्रेटपुढे सुनावणी होते, बहुधा बंद दाराआड. ज्याने सूट घालून वकील सोबत आणलाय त्याचं प्रकरण तिथेच मिटतं, कुठे ओळसुद्धा उमटत नाही. ज्याला रस्त्यावरच बेड्या पडल्या त्याला ते दारच नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात आणखी एक प्रकार झाला, त्यात मी स्वतः होतो. डिस्ट्रिक्ट कोर्टातलं आमचं मानधन तेव्हा ताशी ६५ डॉलर होतं, शेजारच्या राज्यांपेक्षा बरंच कमी. म्हणून अनेक बार अ‍ॅडव्होकेटांनी नवी प्रकरणं घेणं थांबवलं. इथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निवाड्याप्रमाणे ४५ दिवसांत वकील मिळाला नाही तर खटला काढून टाकावा लागतो. त्याप्रमाणे बॉस्टनमध्ये शंभरावर खटले निघाले, त्यात मारहाणीचेही होते. कुठल्या गुन्ह्याची झळ कुणाला बसली हे कुणी तपासलं नाही. फक्त दिवस मोजले. मला त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही, तरी मी थांबलोच होतो, हेही सांगायला हवं.

म्हणून माझं मत असं की गुन्हे सोडण्याचं काम कुणीतरी करतंच. रॉलिन्स यांनी ते कागदावर आणलं आणि खाली सही केली. मतदारांना ते नको असेल तर सही कुणाची ते तरी कळतं.

आता आपल्याकडे. कायद्याने सरळ सांगायचं तर नाही. पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, न्यायदंडाधिकारी दखल घेतात, एपीपीच्या टेबलावर फाइल येते ती चालवण्यासाठी. "ही मी चालवणार नाही" म्हणण्याची खुर्ची ती नाही. कलम ३२१ होतं, पण त्याला कोर्टाची संमती आणि अभियोक्त्याने स्वतःची बुद्धी वापरून सार्वजनिक हित दाखवणं लागतं. नऊ वर्षांत मी स्वतःहून ३२१ चा एकही अर्ज दिला नाही. आमच्या कोर्टात जे झाले ते सरकारी निर्णय आणि त्यामागून वरून आलेल्या पत्रावर, आणि जवळजवळ सगळे आंदोलनांतल्या गुन्ह्यांचे. मटक्याच्या चिठ्ठीसह पकडलेल्या हमालासाठी मंत्रालयातून पत्र येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनदा लगाम ओढला. जुलैमध्ये केरळ विधानसभेत तोडफोड करणाऱ्या आमदारांवरचा खटला मागे घ्यायला नकार दिला, आणि ऑगस्टमध्ये सांगितलं की आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत. नव्या ३६० मध्ये पीडिताला म्हणणं मांडू दिल्याशिवाय संमती देता येत नाही. चेल्सीच्या काकांना जे मिळालं नाही ते आपल्या कायद्यात निदान लिहिलेलं आहे.

पण सोडणं आपल्याकडेही चालतंच, फक्त ते ठाण्यात चालतं. ठाणे अंमलदार "एनसी घेतो" म्हणाला की तुमची तक्रार अदखलपात्र झाली आणि बहुतेक वेळा तिथेच संपली. आणि जे गुन्हे कोर्टापर्यंत येतात ते बघितलेत तर हसावं की रडावं कळत नाही. माझ्या बोर्डावर जुगार कायद्याचं १२ अ आणि दारूबंदीचं ६५ ई यांच्या राशी असायच्या. तेच दोन पंच, तोच पंचनामा, फक्त नाव आणि तारीख बदललेली. आरोपी दोन-तीन वर्षं तारखांना यायचा, मग कंटाळून गुन्हा कबूल करायचा: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. तेवढ्या तारखांत त्याची बुडालेली मजुरी दंडाच्या कितीतरी पट. जुनं होऊन पडलेलं प्रकरण न्यायदंडाधिकारी साहेब कधीतरी दंडप्रक्रिया संहितेच्या कलम २५८ खाली बंद करायचे, तेही बहुतेक आकडे कमी दाखवायची मोहीम निघाली की.

तेव्हा तुमच्या पिढीला हे करायचंच असेल तर नव्या यादीची वाट बघू नका. जुनं २५८ आता २८१ आहे. पोलिसांनी आणलेल्या समन्स खटल्यात, म्हणजे किरकोळ गुन्ह्याच्या खटल्यात, कारणं नोंदवून न्यायदंडाधिकाऱ्याला कामकाज थांबवता येतं. पाच वर्षांनी नाही, पहिल्या दोन तारखांत त्याचा अर्ज करून बघा. अगदी क्षुल्लक इजेसाठी जुन्या भादंविचं ९५ होतं, ते न्याय संहितेत ३३ झालंय. वकील ते युक्तिवादात विसरतात. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल परत केलेला असेल तर समाजसेवेची शिक्षा २०२४ पासून कायद्यातच आहे. ती देताना माणसाला नेमकं कुठे पाठवायचं, हजेरी कोण घेणार, हे तुमच्या जिल्ह्यात कुणी ठरवलंय का ते विचारा.

हे वाचणारे काही आईबाप असतील ज्यांची मुलं इथे एमएस करताहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण दर सेमिस्टरला असा एखादा फोन येतोच. सेल्फ-चेकआउटवर दोन वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकल्या, पकडला गेला, "पण इथले सरकारी वकील असले खटले चालवत नाहीत ना?" कदाचित नाही चालवणार. पण अटकेत घेतलेले बोटांचे ठसे केंद्राकडे गेलेले असतात, आणि व्हिसाचं खातं राज्याच्या यादीला बांधील नाही. इथे एक तडजोड मिळते: पुरेसा पुरावा आहे एवढं कबूल करायचं आणि खटला काही महिन्यांनी आपोआप काढला जातो. राज्याच्या लेखी ती शिक्षा नसते, पण इमिग्रेशनच्या कायद्यात ती दोषसिद्धीच धरली जाते. घाईने 'हो' म्हणू नका, आधी इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाला फोन करा. आणि खटला अरेनमेंटच्या आधी सुटला तरी पुढच्या व्हिसाच्या अर्जात "कधी अटक झाली होती का" या रकान्यात 'हो'च लिहायचं, सोबत खटला सुटल्याचा कोर्टाचा कागद जोडायचा.